कानांची सोबत, बोटांची पारख

घरातला जुना रेडिओ आठवा. कित्येक रेडिओंचे बटण फिरवले की ‘खट्’ असा आवाज व्हायचा आणि रेडिओ सुरू व्हायचा. तेच बटण पुढे नेले की आवाज वाढे, मागे आणले की उतरे आणि शेवटी पुन्हा ‘खट्’ झाले की बंद. घरातल्या अंध आजोबांना त्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नसे. 1979 साली आलेल्या सोनीच्या वॉकमनची बटणेही बोटांना कळणारीच होती. पुढे बटणांच्या जागी गुळगुळीत काच आली आणि संगीतावर जीव असलेल्या दृष्टिहीन माणसाची पंचाईत झाली.

या पंचाइतीवर थोडाफार उतारा ठरणारी एक वस्तू आज बाजारात आहे. तिचे नाव पोर्टेबल हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर. खिशात मावणारी ही डबी फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये जोडायची असते. फोनमधून येणाऱ्या अशक्त विद्युतसंदेशाला ती बळ देते आणि मग तो हेडफोनकडे पाठवते. 2016 च्या आयफोन 7 पासून हेडफोनची पिन बसवण्याची जागाच कित्येक फोनांतून नाहीशी झाली. त्यामुळे आजच्या बऱ्याच डब्या फोनच्या चार्जिंगच्या जागी जोडल्या जातात आणि आकड्यांतला आवाज ऐकण्याजोगा करण्याचे कामही त्याच करतात.

मग प्रत्येकाने ती घ्यावी काय? मुळीच नाही. फोनबरोबर वापरायचे साधे इअरफोन बहुधा 16 ते 32 ओहमचे असतात आणि फोन त्यांना सहज पुरा पडतो. मात्र घरी बसून ऐकायचे मोठे, दर्जेदार हेडफोन असतील तर गोष्ट वेगळी. सेनहायझरचा एचडी 600 हा हेडफोन 300 ओहमचा आहे. तो नुसत्या फोनला जोडला तर आवाज पूर्ण वाढवूनही तंबोरा दूर कुठेतरी वाजल्यासारखा वाटतो. असा हेडफोन नसेल, तर डबीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. उलट नाजूक इअरफोन जोरकस डबीला जोडले, की शांततेत बारीक ‘स्स्स’ ऐकू येत राहते आणि सारे लक्ष कानांत असलेल्या माणसाला ते फार छळते.

दिवा लाल की निळा?

डबीची जाहिरात आवाजाची असते, पण अंध श्रोत्याच्या दृष्टीने तिची खरी परीक्षा बोटांपाशी होते. बॅटरी भरली की नाही हे ती कशी सांगते? दिव्याच्या रंगाने. आवाजाची प्रत कोणती चालू आहे? तेही बहुधा रंगानेच. म्हणजे ज्याच्यासाठी वस्तू आणली, त्यालाच दर वेळी घरात कुणाला तरी विचारावे लागणार. सून कामात, नातू शाळेत, अशा वेळी तो विचारतच नाही आणि डबी कपाटात पडून राहते. मायक्रोसॉफ्टचे ‘सीइंग एआय’ हे अ‍ॅप फोनच्या कॅमेऱ्याने उजेड हेरून तो सुरावटीने सांगते आणि रंगही ओळखते. 2015 साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘बी माय आइज’वर डोळस स्वयंसेवक व्हिडिओवरून पाहून मदत करतात. उपाय चांगले आहेत, पण एका दिव्यासाठी एवढा खटाटोप!

म्हणून घेतानाच पारख करावी. आवाजाचे बटण गोल फिरणारे हवे आणि त्याला आरंभ नि अंत हवा. सुरुवातीला ‘खट्’ होणारे तर उत्तमच. काही बटणे रहाटासारखी नुसती फिरत राहतात. बोटाला त्यांचा पत्ता लागत नाही. ताकद कमी-जास्त करण्याची कळ पुढे-मागे सरकणारी असावी, म्हणजे ती कुठे आहे हे चाचपून कळते. दुकानात डोळस नातेवाइकांनी क्षणभर डोळे मिटून डबी हाताळावी. चकचकीत डबी आणि उपयोगी डबी यांतला फरक तेव्हाच ध्यानात येतो.

‘करा’ की ‘रद्द करा’?

दृष्टिहीन माणसाचा फोन बोलतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. इथे एक वेगळाच घोटाळा होतो. काही डब्या आवाज थांबताच झोपी जातात. फोन बोलू लागला की त्या जाग्या होतात, पण तोवर पहिला शब्द हरवलेला असतो. ‘रद्द करा’ या बटणावर बोट असताना कानी पडते नुसते ‘करा’. गाणे ऐकताना हे क्षम्य आहे, पण बँकेचे पैसे पाठवताना नाही. संगणकावर एनव्हीडीए हे मोफत वाचक सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ध्वनियंत्र काही काळ जागे ठेवण्याची सोय त्यातच मिळते. फोनसाठी मात्र दुकानातच, दोन वाक्यांमध्ये थोडे थांबून, ऐकून पाहावे.

याहून मोठा धोका कानांना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलचा मात्र फक्त 4 तास. फोन जास्त आवाजाची सूचना देतो, पण ती आपल्याच अंदाजावर. पुढे डबीने आवाज किती वाढवला, याची त्याला खबर नसते. ज्याचे वाचन, रस्ता, माणसांची ओळख सारे कानांवर चालते, त्याने ही गोष्ट हलक्यावारी घेऊ नये. आधी बटण शून्यावर, मग पिन, मग हेडफोन कानावर, नंतर बेताबेताने आवाज, हा क्रम हाताला लावून घ्यावा. रस्त्यावर तर ही जोडी नकोच. भिंतीवरून परतणारा काठीचा आवाज, वळणावरची रिक्षा, हे कानांनीच टिपायचे असते. चालताना ऐकायचेच असेल, तर कान मोकळे ठेवणारे, हाडांमधून आवाज पोचवणारे हेडफोन निराळे मिळतात.

राहता राहिली जोडणी. कित्येक डब्यांना एकसारखी दोन छिद्रे असतात, एक आवाज आत येण्याचे, दुसरे हेडफोनचे. बोटांना दोन्ही सारखीच. घरातल्या गृहिणीकडे यावर हुकमी उपाय आहे. हेडफोनच्या छिद्राशेजारी फुगीर खड्याची एक टिकली चिकटवून द्यावी. टिकली काही दिवसांनी सुटते, तेव्हा पाकीट जवळच असू द्यावे. नेलपॉलिशचे थेंबावर थेंब वाळवून केलेला उंचवटा जास्त टिकतो. तो करताना थेंब छिद्रात मात्र उतरू देऊ नये.