दुखणं अंगावर काढू नका!

"सरकारनं पाच लाखांचं कार्ड दिलंय, आता कसली काळजी?" बचत गटाच्या बैठकीत एक सून म्हणाली. कोपऱ्यातल्या आजी फटकन बोलल्या, "कार्डावर बीपीच्या गोळ्या मिळत नाहीत गं बाई!" मला वाटतं, दोघीही खरंच बोलल्या.

पूर्वी घरात मोठं आजारपण आलं की आधी बाईच्या अंगावरचं सोनं जायचं, मग जमीन. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. सुरुवातीला दीड लाखापर्यंतचे उपचार होते, तेही मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर. २०२३ मध्ये ही मर्यादा पाच लाख करण्याचा आणि सगळ्याच कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय झाला.

आपल्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट मोलाची. २००८ च्या केंद्राच्या विमा योजनेत तीस हजारांचं संरक्षण होतं आणि घरातल्या फक्त पाच जणांची नावं घालता येत. घरात सात माणसं असली तर कोण गळणार, हे का सांगायला हवं? धाकटी मुलगी, नाही तर म्हातारी सासू! २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत ही पाचाची अट काढली. हा बदल लहान नाही.

आता दुसरी बाजू. ही योजना फुकट नाही, तिचा पैसा तुमच्या-आमच्या करातूनच जातो. तो नीट खर्च होतो का, हे विचारायला हवं. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांना आयुष्मान योजनेत एकाच मोबाइल नंबरावर सुमारे साडेसात लाख नावं जोडलेली आढळली! आणि २०१२ च्या सुमारास बिहार, छत्तीसगडमध्ये विम्याच्या पैशासाठी बायकांच्या गर्भपिशव्या विनाकारण काढल्याच्या तक्रारी गाजल्या. पैसा ऑपरेशनला मिळतो म्हटल्यावर काही जणांना ऑपरेशनच दिसू लागतं.

मूळ दुखणं मात्र वेगळंच आहे. कार्ड कामाला येतं ते प्रामुख्यानं दवाखान्यात दाखल झाल्यावर. आपण बायका तर दाखल व्हायची वेळ येईपर्यंत दुखणं अंगावर काढतो. रक्त कमी असतं, अंगावरून जास्त जातं, बीपी वाढतं, तरी "आधी पोरांची परीक्षा होऊ दे" म्हणतो. किडनी निकामी झाली की डायलिसिस कार्डावर होतं. पण ती वेळ येऊ नये म्हणून लागणारी बीपीची गोळी गावच्या आरोग्य केंद्रात कधी मिळते, कधी संपलेली असते. शिवाय मोठी रुग्णालयं शहरात. गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, जेवणखाण हे सगळं पदरचंच.

म्हणून योजना बंद करा, असं मी म्हणणार नाही. बुडत्याला हात देणारी ती आहे. पण सगळा पैसा आणि सगळं लक्ष मोठ्या रुग्णालयांकडे गेलं, तर गावचं आरोग्य केंद्र ओस पडेल आणि त्याचा पहिला फटका बाईलाच बसेल.

मैत्रिणींनो, आपल्या हातात आहे तेवढं तरी करू या. घरातल्या प्रत्येक बाईचं, मुलीचं नाव कार्डात आहे ना, ते बघा. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. पैसे मागितले तर पावती मागा. गर्भपिशवी काढा म्हणाले, तर सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. आणि पुढच्या ग्रामसभेत, नगरपालिकेत चार-पाच जणी मिळून विचारा, "आमच्या केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत का? डॉक्टर किती दिवस येतात?"

कार्ड जपून ठेवायचंच. पण ते वापरायची वेळच येऊ नये, यासाठीही भांडायला शिकू या.