सारख्या टाक्यामागचे गणित

चार मिलिमीटर जाडीच्या गोधडीत सुई ४५ अंशांच्या कोनात शिरली, तर खालच्या बाजूला ती बरोबर चार मिलिमीटर पुढे निघते. कोन पाच अंशांनी कलून ४० वर आला, तर हेच अंतर पावणेपाच मिलिमीटरच्या पुढे जाते. मनगट एवढेसे कलले आणि टाका जवळजवळ वीस टक्क्यांनी लांबला! जिथे ठिगळावर ठिगळ आले आहे तिथे जाडी सहा मिलिमीटर होते. तिथे कोन तोच ठेवला तरी टाका दीडपट होतो. म्हणून मुरलेली गोधडीवाली जाड जागा आली की न सांगता सुई उभी करते. खालच्या हाताच्या बोटाला सुईचे टोक टोचते, त्यावरून सुई कुठे निघाली हे तिला कळते आणि पुढचा टाका ती त्या अंदाजाने घेते. त्रिकोणमितीचे पुस्तक न उघडता केलेली ही त्रिकोणमितीच आहे.

हिंगोली जिल्ह्यात या विषयाला मोठे घराणे आहे. हिंगोली तालुक्यातले नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते आणि नामदेव शिंप्याच्या घरातले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही शिंप्याची हत्यारे थेट भक्तीच्या कामाला लागली आहेत. या जिल्ह्यात कापूस पिकतो, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घरोघरी होतात, तांड्यांवर बंजारा बायका आरशांचे भरतकाम करतात आणि मोंढ्यात हळदीची पोती दाभणाने शिवली जातात. या प्रत्येक कामात प्रश्न एकच असतो. टाके सारखे कसे ठेवायचे? त्याचे उत्तर केवळ ‘हाताला वळण हवे’ एवढ्यावर संपत नाही.

सारखेपणा हवाच कशाला?

हळदीच्या पोत्यापासून सुरुवात करू. दाभणात सुतळी ओवून पोत्याचे तोंड शिवताना टाके बोटा-दोन बोटांच्या अंतराने पडतात. समजा वीस टाके नेटके पडले आणि एकाच ठिकाणी हात घाईने पुढे गेला. टाक्यांची सरासरी काढली तर ती उत्तमच येईल. पण हळकुंडे सरासरीतून सांडत नाहीत, ती सर्वांत मोठ्या फटीतून सांडतात. शिलाईचे बळ तिच्या सर्वांत वाईट टाक्याइतकेच असते.

कपड्याच्या शिवणीवर ताण येतो तेव्हाही हेच घडते. दोन्ही बाजूंनी ओढले की प्रत्येक टाका आपल्या वाट्याच्या कापडाचा भार उचलतो. तीन मिलिमीटरच्या टाक्यांच्या रांगेत एखादा नऊ मिलिमीटरचा असेल, तर त्याच्यावर साधारण तिप्पट भार पडतो. तो तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो, मग तोही जातो आणि शिवण उसवत सुटते. टाके गरजेपेक्षा दाट घालूनही भागत नाही, कारण सुईचे प्रत्येक भोक कापडाचे काही तंतू दुखावते आणि शेवटी शिवणीच्या रेषेवर कापडच फाटते. म्हणजे कापडाच्या पोताला आणि दोऱ्याच्या जाडीला साजेसे एक अंतर ठरवायचे आणि ते शेवटपर्यंत पाळायचे.

टाक्यांमधल्या अंतराची सर्वांत कडक परीक्षा झाली ती शस्त्रक्रियेत. नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांनी पोटावरच्या ५६० शस्त्रक्रियांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. पोटाची भिंत शिवताना एका गटात टाके एक सेंटिमीटरच्या अंतराने घातले, दुसऱ्या गटात पाच मिलिमीटरच्या अंतराने आणि कडेपासूनही पाचच मिलिमीटरवर. वर्षभराने पाहिले तेव्हा मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के रुग्णांना शिवणीच्या जागी हर्निया झाला होता, लहान टाक्यांच्या गटात १३ टक्के. दोन्ही गटांतला मुख्य फरक टाक्याच्या मापाचा. गोधडी शिवणारी आजी आणि शल्यचिकित्सक यांना एकाच नियमाला मान द्यावा लागतो: भार अनेकांत वाटा आणि वाटणी नीट करा.

डोळा फार कडक परीक्षक

सारखा नसलेला टाका पटकन नजरेत भरतो, त्याचे कारण आपल्या दृष्टीत आहे. दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर लागते. हातातले काम ४० सेंटिमीटरवर धरले, तर हे अंतर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास येते. पण दोन रेषांची टोके एकमेकींच्या सरळ आहेत की सरकलेली, हे ओळखण्यात डोळा याहून कितीतरी तरबेज असतो. अनुकूल परिस्थितीत दहा कलासेकंदांहूनही कमी फरक त्याला कळतो. त्याच ४० सेंटिमीटरवर हा फरक मिलिमीटरचा पन्नासावा भाग भरतो! जेराल्ड वेस्टहायमर या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये या क्षमतेला ‘हायपरअ‍ॅक्युइटी’ असे नाव दिले. मेंदू अनेक पेशींकडून आलेल्या माहितीची सांगड घालून ही किमया करतो.

शिवणाऱ्याला यातून एक युक्ती मिळते. एकेक टाका घेऊन दोरा ओढण्यापेक्षा सुईवर चार-पाच टाके एकदम भरायचे आणि मग ओढायचे. सुई सरळ असल्याने टाके आपोआप एका रेषेत येतात. शिवाय ते सुईवर शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे डोळ्याला आठवणीतल्या मापाशी तुलना करावी लागत नाही. धावदोरा घालताना अनुभवी बायका हेच करतात.

चूक साचते कशी?

या विषयाचा गाभा इथे आहे. समजा पाच मिलिमीटरचा टाका घालायचा आहे आणि प्रत्येक टाक्यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होते. प्रत्येक टाका मागच्या टाक्यावरून मोजला, तर चुका एकमेकींच्या खांद्यावर बसत जातात. कधी कमी, कधी जास्त अशी चूक असेल, तर ती टाक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. शंभर टाक्यांनंतर रांग साधारण पाच मिलिमीटर, म्हणजे अख्खा एक टाका, पुढेमागे झालेली असते. चूक नेहमी एकाच बाजूची असेल, दर वेळी अर्धा मिलिमीटर जास्तच जात असेल, तर शंभर टाक्यांनंतर पन्नास मिलिमीटरची तफावत पडते. दहा टाके जास्तीचे!

आता तेच टाके आधी आखून ठेवलेल्या खुणांवर घाला. हात तोच, अर्ध्या मिलिमीटरची चूकही तीच. पण शंभराव्या टाक्यालाही चूक अर्धा मिलिमीटरच राहते, कारण प्रत्येक टाका आपल्या खुणेशी बांधलेला असतो आणि मागच्याची चूक पुढच्याकडे जात नाही.

गोधडीच्या ओळींतही हे दिसते. कडेपासून सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन असे शिवत जाताना प्रत्येक ओळीचे अंतर मागच्या ओळीवरून बोटाने धरले जाते. पहिल्या ओळीतले छोटेसे वळण पुढच्या ओळींत उतरते आणि मध्यापर्यंत पोचताना त्याची लाट झालेली असते. अधूनमधून गेरू किंवा खडू लावलेला दोरा ताणून सरळ रेघ उमटवली, की साचलेली चूक तिथल्या तिथे पुसली जाते.

हत्यारांची दोन घराणी

टाके सारखे ठेवण्याची सगळी साधने या कसोटीवर दोन घराण्यांत विभागता येतात. पहिले घराणे मागच्या टाक्यावरून पुढचा टाका मोजणारे. अंगठ्याचे नख, बोटाचे पेर, खुणा केलेली पुठ्ठ्याची पट्टी आणि कंपासपेटीतले कर्कटक ही त्यातली मंडळी. कर्कटक पाच मिलिमीटरवर पक्के करून कापडावर चालवत नेले, तर निदान प्रत्येक पाऊल सारखे पडते. एकूण लांबी थोडी चुकली तरी टाके एकमेकांशी जुळतात आणि बहुतेक कामांना तेवढे पुरते.

चामड्याच्या कामात आणि शिंपीकामात वापरले जाणारे दातेरी चाक, म्हणजे ट्रेसिंग व्हील, हे कर्कटकाचे गोल रूप आहे. दोन सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ जवळजवळ ६३ मिलिमीटर असतो. त्यावर बारा दात असतील तर दर सव्वापाच मिलिमीटरला एक खूण पडते. एखादा दात वाकला असेल, तर दर ६३ मिलिमीटरला तीच चूक पुन्हा उमटते. खुणा बिघडलेल्या दिसल्या तर त्या ठराविक अंतराने बिघडतात का, हे आधी पाहावे. तसे असेल तर दोष हाताचा नसतो, चाकाचा असतो.

दुसरे घराणे सगळ्या खुणा आधीच आखून देणारे. सण आला की ठिपक्यांच्या रांगोळीसाठी आपण कागदाला सारख्या अंतरावर भोके पाडतो आणि त्यातून रांगोळी चाळतो, तसाच हा प्रकार. आलेख कागदावर पाच-पाच मिलिमीटरवर सुईने भोके पाडा, कागद कापडावर धरा आणि वरून खडूची पूड चोळा. कापडावर मापात ठिपके उमटतात. या साधनाला खर्च जवळजवळ शून्य आहे आणि अचूकता आलेख कागदाच्या छपाईइतकी.

याच घराण्यात सर्वांत हुशार साधन कापड स्वतःच आहे. मॅटीच्या कापडावर उभे-आडवे धागे स्पष्ट दिसतात, म्हणून तिथे टाका मोजायचा नसतो, धागे गणायचे असतात. चार धागे म्हणजे चार धागेच, साडेचार होऊ शकत नाहीत. धारवाडकडची कसुती याच तत्त्वावर उभी आहे. मराठवाड्यातल्या पेट्यांत जपलेल्या इरकली लुगड्यांवर ती पाहायला मिळते. कापडावर आधी नक्षी न छापता केवळ धागे गणून ती भरतात आणि तिच्यातल्या ‘गवंती’ टाक्याचे काम दोन्ही बाजूंनी सारखे दिसते.

शिलाई यंत्रानेही वेगळी जादू केली नाही. ॲलन विल्सन या अमेरिकन कारागिराने १८५४ मध्ये चार हालचालींच्या सरकदात्यांचे पेटंट घेतले: वर येणे, पुढे सरकणे, खाली जाणे, मागे परतणे. यंत्रात टाक्याची लांबी सुई ठरवत नाही, सुईखालचे हे दाते ठरवतात. टोचण्याचे आणि माप घेण्याचे काम वेगळे झाले आणि सारखेपणा आपोआप आला. हाताने शिवतानाही जे साधन ही दोन कामे वेगळी करते, तेच उपयोगी पडते.

लांबी जमली, ओढ जमली का?

अंतर सारखे असूनही शिवण कधी चुण्या धरते, कधी सैल पडते. तिथे दोष ताणाचा असतो. दोरा कापडातून वर-खाली जाताना प्रत्येक वळणावर घर्षणाला ओढीचा काही वाटा द्यावा लागतो. खांबाला गुंडाळलेल्या दोराचे गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात मांडले, तेच इथे लागू पडते: ओढ वळणागणिक गुणोत्तराने घटते. समजा एका टाक्यामागे ती एक तृतीयांशाने घटली, तर पाच टाके मागे आठवा हिस्सा पोचतो आणि दहा टाके मागे जेमतेम साठावा. म्हणून हातभर शिवून मग शेवटी दोरा खेचला, तर टोकाचे टाके आवळतात आणि मागचे सैलच राहतात. दर चार-पाच टाक्यांनी ओढून बोटाने कापड सपाट करणे हाच यावरचा उपाय.

दोऱ्यावर मधमाशीचे मेण फिरवले की सुताचे उभे राहिलेले तंतू बसतात, दोरा सरळ जातो आणि गुंता कमी होतो. दोरा फार लांब घेतला तर तोच तोच भाग पुन्हापुन्हा कापडातून ओढला जातो आणि पिंजतो. अंगुस्तान बोटाला फक्त वाचवत नाही. टोचण्याची भीती गेली की बोट दर वेळी सारख्याच जोराने सुई रेटू शकते. जाड गोधडीत ते नसेल तर दमलेला हात आधी कोन बदलतो, मग माप.

बंजारा भरतकामात आरसा बसवण्याची रीत या सगळ्याचा नमुना आहे. आधी आरशावरून समोरासमोरचे दोन आडवे आणि दोन उभे दोरे ताणून घेतात, मग त्या चौकटीला धरून गोल टाके घालतात. समोरासमोरची ओढ सारखी असली की आरसा जागचा हलत नाही. एका बाजूने जास्त आवळले, तर तो तिकडे सरकतो.

शाळेत करून पाहा

जिल्ह्यातल्या शाळांना हा प्रयोग सहज करता येईल. जाड कापडाच्या तीन तुकड्यांवर एकेक रांग शिवा: पहिली नुसत्या नजरेने, दुसरी नखाने माप घेत आणि तिसरी आलेख कागदाच्या ठिपक्यांवर. प्रत्येक रांगेत पन्नास टाके पुरेत. पट्टीने प्रत्येक टाका मोजा, आलेख काढा, रांगेची एकूण लांबी ताडून पाहा. मग याच तीन पद्धतींनी कापडाचे दोन-दोन तुकडे जोडा, जोड टांगून खाली पिशवीत हळूहळू वाळू भरत जा आणि आधी कोणता टाका तुटतो ते पाहा. सरासरी, विचलन, घर्षण, भारवाटप हे सगळे धडे एका सुईदोऱ्यात शिकता येतात आणि ते शिकवायला गावातलीच एखादी गोधडीवाली मावशी बोलावता येते. तिला वर्गात मानाने खुर्ची द्यावी, कारण तिच्या हातातले ज्ञान पाहुणचारापुरते नाही, ते अभ्यासक्रमातले आहे.

हात सगळ्यांचेच थोडे चुकतात, शल्यविशारदाचे आणि शिंप्याचेही. चूक पुढच्या टाक्याकडे जाऊ न देणारी खूण आधी आखून ठेवणे, हे मात्र कोणालाही शिकता येते. तेवढे जमले की नवशिक्याची शिवणही धुण्याला, ओढाताणीला आणि वर्षांना पुरून उरते.