कोठडीतील मृत्यूची चौकशी आणि नातेवाइकांचा वकील

पोलिस कोठडीत मृत्यू झाल्यास, पोलिसांच्या तपासाखेरीज दंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 196 सांगते. या चौकशीची सूचना शक्य तेथे आईवडील, मुले, भावंडे व पती किंवा पत्नी या नातेवाइकांना देऊन त्यांना उपस्थित राहू द्यावे लागते. मात्र उपस्थिती म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, आणि कायद्याची खरी उणीव येथेच आहे, कारण नातेवाइकांना सरकारी खर्चाने वकील देण्याविषयी हे कलम मौन बाळगते. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत कोठडीतील एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू घडवून त्याचा मृतदेह आंबोलीत जाळल्याचा आरोप पोलिसांवरच झाला, तेव्हा खटल्यासाठी उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. परंतु विशेष सरकारी वकील कितीही नामवंत असला, तरी तो राज्याची बाजू मांडतो. खटल्यात पीडिताच्या वारसांना न्यायालयाच्या परवानगीने सरकार पक्षाला साहाय्य करणारा स्वतःचा वकील नेमता येतो. त्यासाठी ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेकडे, अर्ज करता येतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, आणि म्हणून मृताच्या आईला किंवा पत्नीलाही, या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.