भीमपूर ते लेह : फिरत्या घराचे मुक्काम कसे ठरवावेत?

भीमपूर (जि. आदिलाबाद) : पौष महिन्यात केसलापूरच्या नागोबा जत्रेपूर्वी मेसराम कुळातील गोंड बांधव पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. या वाटेवरील त्यांचे मुक्काम परंपरेने ठरलेले असतात. मीठ आणि धान्य वाहणारे लमाणांचे तांडेही एकेकाळी पाणी आणि चारा पाहूनच तळ टाकीत. प्रवासाला निघण्यापूर्वी मुक्काम ठरवावा, ही रीत आपल्या भागाला नवी नाही. आज तिची आठवण करून देण्याचे कारण वेगळे आहे. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, म्हणजेच कॅम्पर व्हॅन, घेऊन उत्तरेकडील थंड प्रदेशात महिनाभर हिंडण्याचे बेत आता आपल्याकडेही आखले जाऊ लागले आहेत. निवृत्त जोडपी, शेतीच्या कामांतून थोडी उसंत मिळालेली कुटुंबे आणि नोकरीतून लांब रजा काढणारे तरुण, असे सर्वजण या वाटेचा विचार करताना दिसतात.

घर सोबत असल्याने रात्र कोठेही काढता येते, ही अशा गाडीची मोठी सोय. हिमालयात मात्र हीच सोय जिवावर बेतू शकते. हॉटेलात उतरणारा प्रवासी बहुधा वस्तीपर्यंत, म्हणजे तुलनेने सखल जागेपर्यंत जातो. गाडीत झोपणारा प्रवासी दमला की चार हजार मीटर उंचीवरही थांबतो. म्हणून या प्रवासाचा आराखडा करताना किलोमीटर मोजण्याआधी कोणती रात्र किती उंचीवर जाणार, हे कागदावर लिहून काढले पाहिजे.

रस्ता एकच, ऋतू अनेक

भीमपूर मंडलातून आदिलाबाद गाठले की राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. जुन्या मंडळींना तो ‘सात नंबरचा हायवे’ म्हणून आठवत असेल; २०१० मध्ये देशातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. कन्याकुमारीहून श्रीनगरला जाणारा हा देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग आहे. पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर, सिवनी, सागर, झाशी, आग्रा, दिल्ली, अंबाला, पठाणकोट, जम्मू असे करीत तो काश्मीर खोऱ्यात पोहोचतो. आदिलाबाद ते श्रीनगर हे अंतर साधारण २,१०० कि.मी. भरते. श्रीनगरहून लेह सुमारे ४२० कि.मी. आणि लेहहून मनाली सुमारे ४३० कि.मी. आहे. श्रीनगरमार्गे जाऊन मनालीमार्गे परतल्यास आसपासचे फिरणे धरून सुमारे ५,००० कि.मी. होतात. गाडी लिटरमागे १० कि.मी. चालते असे धरले, तर ५०० लिटर डिझेल लागेल. लिटरचा भाव सरासरी ९० रुपये मानल्यास इंधनाचाच खर्च ४५,००० रुपयांवर जातो.

रस्ता सलग असला तरी हवामान सलग नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा लेह-मनाली मार्गावर बर्फाच्या भिंतींमधून वाट काढावी लागते. एकाच गाडीला आणि एकाच शरीराला आठ-दहा दिवसांत ही दोन्ही टोके सोसावी लागतात.

कधी निघावे?

आपल्या भागातील शेतकरी कुटुंबांना उसंत मिळते ती मार्च ते मे या काळात. जोजिला खिंड साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये खुली होते. मनालीकडचा रस्ता खुला होण्यास बहुधा मे उजाडतो. मृगाच्या पेरणीसाठी परतायचे असल्यास वेळ अगदी मोजका उरतो आणि मार्गावर एखादी दरड कोसळली तरी वेळापत्रक विस्कटते. जुलै-ऑगस्टमध्ये जम्मू आणि हिमाचलच्या डोंगरांत पावसामुळे रस्ते वारंवार बंद पडतात.

पोळा आणि गणपती आटोपल्यानंतरचा काळ त्या मानाने सोयीचा आहे. कापसाची पहिली वेचणी सुरू होण्यापूर्वी चार-पाच आठवडे मिळतात, पाऊस माघारी वळत असतो आणि दोन्ही मार्ग खुले असतात. तरीही सप्टेंबरला निर्धोक समजू नये. काश्मीरमधील २०१४ चा महापूर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आला होता. मनालीमार्गे परतायचे असल्यास बारालाचा खिंड ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ओलांडावी. उशीर झाला किंवा बर्फाचा अंदाज आला, तर आल्या वाटेने श्रीनगरकडे वळावे. हा निर्णय कोणत्या तारखेला घ्यायचा, ते घरून निघतानाच ठरवून ठेवावे. हाताशी तीन-चार दिवस राखीव नसतील, तर या मार्गाला जाऊ नये.

उंचीचे गणित

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास दोन-तृतीयांश असतो. पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींत तो निम्म्यावर येतो. शरीर याला जुळवून घेते, पण त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा, असा वैद्यकीय संकेत आहे. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली उतरणे त्यात बसते.

या कसोटीवर श्रीनगरचा मार्ग जाताना हितकारक ठरतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे. तेथे दोन रात्री काढाव्यात. पुढील रात्र सोनमर्गला, सुमारे २,७०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी ३,५२८ मीटरची जोजिला ओलांडून द्रासमार्गे कारगिलला उतरावे. कारगिलही साधारण २,७०० मीटरवरच असल्याने तेथे दोन रात्री विसावा मिळतो. त्यानंतर ४,१०८ मीटरची फोटूला पार करून लेह. कारगिल आणि लेह यांतील फरक मोठा असल्याने वाटेत खालत्से परिसरात एक रात्र थांबणे उत्तम. लेहला पोहोचल्यावर पहिले ४८ तास पूर्ण विश्रांती घ्यावी.

मनालीमार्गे जाणाऱ्यांचे चित्र उलटे असते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ९.०२ कि.मी. लांबीच्या अटल बोगद्यामुळे मनालीहून लाहौलमध्ये तासा-दोन तासांत पोहोचता येते आणि उत्साहाच्या भरात गाडी त्याच दिवशी सरचूपर्यंत जाते. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. मनालीहून थेट तेथे मुक्काम करणे म्हणजे एका रात्रीत दोन हजार मीटरहून अधिक चढणे होय. परतताना, शरीर सरावलेले असताना, हाच मार्ग तितका त्रास देत नाही. तरीही सरचू टाळून जिस्पाला उतरता आले तर अधिक चांगले.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली की आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे, ही लक्षणे दिसली तर रात्र असो वा दिवस, रुग्णाला ताबडतोब खाली न्यावे आणि रुग्णालय गाठावे. लहान प्राणवायूच्या डब्यावर विसंबून थांबू नये. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. आदिलाबाद आणि लगतच्या विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्या व्यक्तीने इतक्या उंचीवर जाणे धोक्याचे आहे. केवळ वाहक असलेल्यांनाही, एरवी कोणताच त्रास नसताना, उंचीवर प्लीहेची गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तपासणी झाली नसेल तर निघण्यापूर्वी ती करून घ्यावी. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा बेत करू नये.

गाडीची तयारी

उन्हाळ्यात आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतण्याची सवय सर्रास आढळते. ते पाणी थंडीत गोठले की प्रसरण पावते आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. निघण्यापूर्वी जुने पाणी पूर्ण काढून कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे योग्य मिश्रण भरून घ्यावे. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही.

डिझेलचाही विचार हवा. मैदानी भागात उन्हाळ्यात मिळणारे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे दाटते. याच अडचणीवर उपाय म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. सप्टेंबरात तितकी थंडी नसते. तरीही खालून भरलेले डिझेल शक्य तितके संपवून डोंगरातील पंपावर टाकी भरावी. परतीच्या मार्गावर कारू ते टांडी ही कमी पंपांची लांब वाट प्रवाशांच्या परिचयाची आहे. मधल्या सोयींवर विसंबू नये. गाडीत लिथियम बॅटरी बसवली असल्यास शून्याखालील तापमानात ती चार्ज करू नये. पाण्याची टाकी आणि नळ्या रात्री रिकाम्या कराव्यात.

साध्या गाडीत पलंग, ओटा, टाकी बसवून घेणाऱ्यांनी कायदाही पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही. बदलाची नोंद आरसीवर नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो.

चूल, सिगडी आणि बंद खिडक्या

लेहला पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. साध्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर लागतोच. सिलिंडरमधील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप घेणे थांबवतो, त्यामुळे पहाटे शेगडी मंदावते. अशा वेळी सिलिंडर तापवण्याचा कोणताही प्रयोग करू नये. ज्वारीच्या भाकरी, चटण्या, भाजलेले पीठ असा न शिजवता खाण्याजोगा शिधा दोन दिवस पुरेल इतका हाताशी असावा.

सर्वांत मोठा धोका याच ठिकाणी आहे. थंडीमुळे खिडक्या बंद करून आत सिगडी किंवा शेगडी पेटती ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस दगावतो. उंचीच्या आजाराची डोकेदुखी आणि या वायूची डोकेदुखी सारखीच वाटते, त्यामुळे धोका ओळखताही येत नाही. झोपण्यापूर्वी प्रत्येक ज्योत विझवावी, एक खिडकी किलकिली ठेवावी आणि वायूची सूचना देणारे लहान यंत्र गाडीत बसवावे. उबेसाठी रजई, लोकरीचे थर आणि गरम पाण्याची पिशवी पुरेशी होते. इंजिन चालू ठेवूनही झोपू नये.

कोठे थांबू नये

मैदानी प्रवासात दिवसाला ३०० कि.मी. पुरेत. नागपूर-सिवनी टप्प्यात हा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. वन्यजीवांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून तेथे भुयारी मार्ग बांधले आहेत. अशा जागी रात्री गाडी उभी करू नये. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूर मंडलाच्या शिवारात येतात, हे येथील शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. तीच सावधगिरी वाटेतही बाळगावी. जम्मूपुढे रस्त्याच्या कडेला परस्पर मुक्काम करू नये. वाहतूक पोलिसांची रोजची सूचना पाहून अधिकृत तळावर किंवा निवासाच्या आवारात गाडी लावावी. इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत; घरातील निदान एक क्रमांक पोस्टपेड करून घ्यावा. परवाने आणि शुल्काचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ते लडाख प्रशासनाच्या संकेतस्थळावर तपासावेत.

युरोपातील उत्तर आणि आपली उत्तर

नॉर्वे-स्वीडनमध्ये गाडीने फिरणाऱ्यांची वर्णने वाचून अनेकांच्या मनात हा बेत येतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि महाडशी नाते असलेल्या भारुलता कांबळे यांनी २०१६ मध्ये आर्क्टिक वर्तुळ ओलांडून ३२ देशांतून एकटीने गाडी चालवत भारत गाठला, हे अनेकांना आठवत असेल. मात्र ती थंडी आणि ही थंडी यांत फरक आहे. नॉर्वेतील नॉर्डकॅपचा कडा समुद्रसपाटीपासून अवघा ३०० मीटर उंच आहे. तेथे अंधार, बर्फ आणि निसरडे रस्ते यांच्याशी सामना असतो. हिवाळी टायरांसारखे नियम त्यासाठीच आहेत. तेथे श्वास कमी पडत नाही. आपल्याकडे सप्टेंबरात रस्ता कोरडा आणि ऊन लख्ख असते. धोका दिसत नाही, तो हवेत असतो. म्हणूनच परदेशी मार्गदर्शिका जशीच्या तशी येथे लागू पडत नाही.

निघण्यापूर्वी एका कागदावर चार रकाने आखावेत : तारीख, मुक्कामाचे ठिकाण, तेथील उंची आणि तेथून खाली उतरण्याचा सर्वांत जवळचा मार्ग. चौथा रकाना ज्या रात्रीसमोर भरता येणार नाही, तो मुक्काम बदलावा. या कागदाची एक प्रत घरी ठेवावी आणि रोज संध्याकाळी घरच्यांना ठिकाण कळवावे. केसलापूरच्या वाटेवर मुक्काम बदलत नाहीत, कारण ते अनेक पिढ्यांनी पारखलेले आहेत. लेहच्या वाटेवर आपली पहिलीच पिढी आहे. आपले मुक्काम आपल्यालाच पारखावे लागतील.