ताटातल्या वड्या आणि ग्राफिक्स कार्डाची किंमत

घरी ताटात खोबऱ्याच्या वड्या थापल्या की त्या कापल्या जाईपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरात नक्कीच घोटाळत असाल. ताट गोल आणि वड्या चौकोनी, म्हणून कडेला वेड्यावाकड्या तुकड्यांची एक रांग उरते आणि ती बहुधा तुमच्याच वाट्याला येते. याच ताटाच्या मदतीने आज आपण एक कोडे सोडवू. जून २००८ मध्ये एनव्हीडिया कंपनीने जीटीएक्स २८० नावाचे ग्राफिक्स कार्ड ६४९ डॉलरला बाजारात आणले. जुलैमध्येच त्याची किंमत ४९९ डॉलर झाली. कार्ड तेच, कारखाना तोच. मग १५० डॉलर गेले कोठे?

आधी हे कार्ड करते काय ते पाहू. संगणकाच्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके असतील, तर एकूण ठिपके होतात २०,७३,६००. खेळातले चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे म्हटले, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. सुदैवाने एका ठिपक्याचे गणित बहुतेक वेळा शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून नसते. म्हणून एकाच हुशार गणितज्ञाऐवजी साधी गणिते करणारी शेकडो मुले एकदम बसवली की काम भागते. जीटीएक्स २८० च्या चिपमध्ये असे २४० गणक होते. प्रतिस्पर्धी कार्डात ८०० होते. पण दोन्ही कंपन्यांची गणक मोजण्याची रीत निराळी, त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करू नका. जाहिरातीतले आकडे वाचताना माझे विद्यार्थी येथे हमखास फसतात!

हे प्रतिस्पर्धी कार्ड म्हणजे रेडिऑन एचडी ४८७०. ते एटीआयचे होते आणि एटीआय २००६ मध्ये एएमडी कंपनीने विकत घेतली होती. दोघींच्याही चिपा तैवानमधल्या टीएसएमसी या एकाच कंपनीच्या कारखान्यांत तयार होत. एनव्हीडियाच्या चिपचे क्षेत्रफळ होते ५७६ चौरस मिलिमीटर, एटीआयच्या चिपचे सुमारे २५६. वर्गमूळ काढून पाहा: एक २४ मिलिमीटर बाजूची वडी, दुसरी १६ मिलिमीटर बाजूची. पहिलीत १ अब्ज ४० कोटी ट्रान्झिस्टर, दुसरीत सुमारे ९५ कोटी ६० लाख. एटीआयची चिप अधिक बारीक नक्षीच्या तंत्राने केलेली होती, म्हणून कमी जागेत इतके मावले.

आता ताटाकडे वळू. या चिपा ज्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवतात तिचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढाच. तिचे क्षेत्रफळ सुमारे ७०,६८६ चौरस मिलिमीटर. कडेचे अर्धवट तुकडे सोडले तर तिच्यावर मोठ्या वड्या अंदाजे ९५ बसतात आणि लहान अंदाजे २३४.

पण खरी मेख पुढेच आहे. खोबऱ्यात एखादा खडा निघाला तर ती वडी वाया जाते. चकतीवरही धुळीचा अतिसूक्ष्म कण किंवा स्फटिकातला दोष असतो आणि तो ज्या चिपवर येतो ती निकामी होऊ शकते. जुन्या वर्तमानपत्रावर ३० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा, त्यात २४ मिलिमीटरचे चौकोन आखा आणि वरून तांदळाचे शंभर दाणे विखरून टाका. (मोहरी घेऊ नका, ती फार घरंगळते.) दाणा न पडलेले चौकोन मोजा. मग दुसऱ्या कागदावर १६ मिलिमीटरचे चौकोन आखून हेच करा.

उत्तर काय यावे? एक दाणा ठरावीक मोठा चौकोन चुकवण्याची संभाव्यता १ वजा ५७६/७०,६८६. शंभरही दाणे चुकवण्याची संभाव्यता म्हणजे या संख्येचा शंभरावा घात, सुमारे ०.४४. म्हणून ९५ पैकी सुमारे ४२ वड्या चांगल्या. लहान चौकोनासाठी हीच संख्या ०.७० येते, म्हणजे २३४ पैकी सुमारे १६३ चांगल्या. शंभर हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे, कारखान्याचा नव्हे. तरी गंमत पाहा: क्षेत्रफळ फक्त सव्वादोन पट, पण चांगल्या वड्यांच्या संख्येत जवळजवळ चौपट फरक! ताट ४,२०० रुपयांचे धरले तर मोठी वडी १०० रुपयांना पडेल आणि लहान २६ ला.

खडा लागलेली प्रत्येक वडी फेकूनच देतात असे मात्र नाही. एनव्हीडियाचे दुसरे कार्ड, जीटीएक्स २६०, त्याच मोठ्या चिपचे होते. २४० पैकी १९२ गणक चालू आणि बाकीचे बंद. ज्या चिपचा एखादा कोपराच बिघडला आहे ती अशी खपवता येते. त्या कार्डाची किंमत ठेवली होती ३९९ डॉलर.

आणि येथेच गाठ पडली. जूनच्या अखेरीस एचडी ४८७० आले ते २९९ डॉलरला, आणि बहुतेक खेळांत ते जीटीएक्स २६० च्या बरोबरीने धावत होते. लहान चिपेच्या कडेला स्मृतीशी जोडणाऱ्या तारांसाठी जागा कमी, म्हणून एटीआयने ५१२ ऐवजी २५६ च तारा ठेवल्या; पण जीडीडीआर५ ही नवी, वेगवान स्मृती वापरून प्रत्येक तारेतून सेकंदाला ३.६ अब्ज बिट पाठवले. गुणाकार करून आठाने भागा, सेकंदाला सुमारे ११५ अब्ज बाइट येतील. जीटीएक्स २८० चा आकडा १४२ अब्ज होता. निम्म्या तारांत एवढी मजल म्हणजे थोडीथोडकी नव्हे.

एनव्हीडियापुढे पर्याय उरला नाही. २६० ची किंमत २९९ वर आली, २८० ची ४९९ वर. मोठ्या वडीचा खर्च काही कमी झाला नव्हता, कमी झाला तो नफा. ऑगस्टमध्ये एटीआयने दोन लहान चिपा एकाच कार्डावर बसवून एचडी ४८७० एक्स२ हे कार्ड ५४९ डॉलरला काढले आणि अनेक चाचण्यांत २८० ला मागे टाकले. सर्वात मोठी चिप न करता सर्वात वेगवान कार्ड करण्याची ही चाल मला आजही फार हुशारीची वाटते. दोन चिपांना नीट वाटून देता न येणाऱ्या खेळांत मात्र तिचा फायदा पुरता मिळत नसे.

पण समोर प्रतिस्पर्धीच नसला तर? जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाचे आरटीएक्स ५०९० आले, चिप ७५० चौरस मिलिमीटर, किंमत १,९९९ डॉलर. त्या वर्षी एएमडीने सर्वात वरच्या पायरीवर कार्ड उतरवलेच नाही. तिचे मार्चमधले आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरचे, चिप सुमारे ३५७ चौरस मिलिमीटरची. दोन हजारांमागे केवळ स्पर्धेचा अभाव होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधल्या काळात बारीक नक्षीच्या चकत्या बऱ्याच महागल्या आणि चिपेची रचना करण्याचा खर्चही वाढला. तरीही दोन्ही कार्डांचे हिशेब तुम्हीच शेजारी शेजारी मांडून पाहा. क्षेत्रफळ आहे, ताट तेच ३०० मिलिमीटरचे आहे आणि शंभर तांदूळही तेच घ्या. ७५० ची वडी ताटात सुमारे ७० वेळा बसते. त्यांतल्या चांगल्या किती, ते शंभरावा घात काढल्यावर कळेल.