गेरू कापडाला धरतो कसा

कापड रंगवण्यासाठी माणसाने निसर्गातून घेतलेले रंग दोन जातींचे आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानात घेतल्याशिवाय या कलेची कोणतीही रीत नीट उलगडत नाही. पळसाची फुले, आलाची मुळी, डाळिंबाची साल यांचा रंग पाण्यात उतरतो, पाण्याबरोबर धाग्याच्या आत शिरतो आणि तेथे तुरटीसारख्या एखाद्या क्षाराच्या आधाराने बसतो; अशा रंगाला रंजक म्हणतात. गेरू, पिवळी माती किंवा काजळी यांचे तसे नसते. त्यांचे कण पाण्यात कितीही ढवळले तरी विरघळत नाहीत, काही काळ तरंगतात आणि भांडे स्थिर ठेवले की तळाशी बसतात. यांना रंगद्रव्य म्हणतात. रंगद्रव्याला धाग्यात शिरता येत नाही, त्याला धाग्यावर चिकटून राहावे लागते, आणि त्यासाठी लागणारा चिकटपणा त्याच्या अंगी नसल्यामुळे तो बाहेरून द्यावा लागतो. मातीच्या रंगाने कापड रंगवण्याची सगळी विद्या या एका गरजेभोवती उभी राहिली आहे.

मध्य प्रदेशाच्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुका हा सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा, नागपूर जिल्ह्याला लागून असलेला मराठी बोलणारा मुलूख आहे. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे होऊन हा जिल्हा झाला. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची सूटिंगची मोठी गिरणी आहे आणि तालुक्याचे गाव सौंसर हातमागाच्या सुती कापडासाठी ओळखले जाते, म्हणजे कापड या भागाला परके नाही. गेरूही परका नाही. पोळ्याला बैलांच्या अंगावर उठवले जाणारे ठसे, तुळशीवृंदावनाला दिलेला हात, घराच्या जोत्यावरचा तांबडा पट्टा, रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्याशेजारी ओढलेली रेघ, या सगळ्यांत तोच असतो. मात्र तो भिंतीवर, लाकडावर आणि जनावराच्या कातडीवर वापरणाऱ्या माणसाला तो कापडावर कसा टिकवावा हे आज सहसा ठाऊक नसते. संन्याशाची छाटी आणि वारकऱ्याची पताका गेरूत, म्हणजेच कावेत, रंगवण्याची प्रथा जुनी असली, तरी तेथे रंग धुऊन फिका झाला की पुन्हा देण्याची तयारी असे, त्यामुळे तो पक्का करण्याची निकड फारशी नव्हती.

गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. लोखंडाला चढणाऱ्या गंजाशी त्याचे जवळचे नाते आहे, फक्त गेरूत हे ऑक्साइड चिकणमाती आणि वाळूच्या बारीक कणांत मिसळलेले असते. पिवळ्या मातीतही लोहच असते, पण त्याच्या रचनेत पाणी बांधलेले असते. ती माती तापवली की सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आत ते पाणी निघून जाते आणि पिवळी माती तांबडी होते. हा लाल रंग उन्हाने उडत नाही, पावसाने विरघळत नाही, हवेने बदलत नाही, कारण लोहाचा ऑक्सिजनशी जो संयोग व्हायचा तो आधीच पूर्ण झालेला असतो. सौंसर–पांढुर्ण्याच्या पश्चिमेला, बैतूल जिल्ह्याच्या डोंगरात धारुळजवळ अंबादेवीच्या परिसरात असलेली आणि २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी उजेडात आणलेली शैलचित्रे याची साक्ष देतात. कातळावर तांबड्या मातीने काढलेल्या आकृती हजारो पावसाळ्यांनंतरही वाचता येतात. दगडाच्या खडबडीत अंगावर कण रुतून बसले म्हणून त्या टिकल्या. कापड मात्र वाकते, घासले जाते, पिळले जाते.

जपानमध्ये ज्या गावाचे नाव या रंगाशी घट्ट जोडले गेले, ते ओकायामा प्रांतातील फुकिया हे डोंगरातले खाणगाव आहे. तेथील तांब्याच्या खाणीत लोह आणि गंधक असलेले खनिज निघे. त्यापासून हिराकस तयार करून, तो भट्टीत भाजून, निघालेली तांबडी पूड पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन तिच्यातले आम्ल काढीत, मग ती दगडी जात्यांवर दळून उन्हात वाळवीत. या रंगाला जपानी लोक बेंगारा म्हणतात, आणि तांबडी माती भारतातून पूर्वेकडे जात असल्यामुळे हे नाव बंगालवरून पडले असे मानले जाते. अठराव्या शतकापासून फुकियाचा बेंगारा चिनी मातीच्या भांड्यांवर, लाखकामावर आणि देवळांच्या लाकडावर चढला. गावाने स्वतःची घरेही त्याच रंगात रंगवली, आणि १९७७ मध्ये ही तांबडी वस्ती जपान सरकारने संरक्षित वारसा म्हणून जाहीर केली. खाण बंद पडली तरी रंग सोडून न देता गावाने तो पाहुण्यांच्या हातात दिला, आणि आज तेथे येणाऱ्याला सुती रुमाल बेंगाऱ्यात रंगवून पाहता येतो. एका उद्योगाचा अंत झाल्यावर त्यामागची विद्या लोकांच्या बोटांत जिवंत ठेवण्याचा हा मार्ग अतिशय शहाणपणाचा आहे.

कण धाग्यावर धरून ठेवण्यासाठी जपानी रंगाऱ्यांनी शोधलेला जुना उपाय म्हणजे सोयाबीनचे दूध. ओकिनावा बेटांवरच्या बिंगाता नावाच्या छापील कापडात रंगद्रव्य याच दुधात कालवून लावले जाते. सोयाबीनच्या दाण्यात वजनाच्या सुमारे ३५ ते ४० टक्के प्रथिन असते; दूध धाग्यावर वाळले की हे प्रथिन गोठते, दिवस जातील तसे पाण्यात न विरघळणारे होत जाते आणि मधे अडकलेले रंगाचे कण आपल्याबरोबर घट्ट करून ठेवते. सौंसर आणि विदर्भाच्या शिवारांत सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पिकते, परंतु ते तेलासाठी आणि पेंडीसाठी विकले जाते. त्याच दाण्यात कापडाचा रंग बांधण्याची शक्ती आहे, ही गोष्ट ते पेरणाऱ्या घरांपर्यंत पोचलेली नाही.

प्रत्यक्ष कृतीत सर्वाधिक काळजी पहिल्या दोन पायऱ्यांवर घ्यावी लागते आणि घाई करणारा तेथेच फसतो. नव्या सुती कापडाला मागावरची खळ आणि कापसाचे स्वतःचे मेण असते; ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून काढले नाही तर दूध धाग्यावर सारखे पसरत नाही आणि रंग ठिगळांसारखा बसतो. दुसरी पायरी गेरू निवळण्याची. बाजारातला गेरू कुटून, भरपूर पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे वाळू आणि जाड कण खाली बसतात. वरचे तांबडे पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतावे, आणि रात्रभर स्थिर राहिल्यावर त्याच्या तळाशी जो लोण्यासारखा मऊ गाळ साठतो तोच कापडासाठी वापरावा. कण जितका बारीक तितका रंग केशरी छटेचा आणि पकड चांगली. कण जाड राहिला की रंग जांभळटपणाकडे झुकतो आणि हात लावताच पूड निघते. कोरडा गेरू कुटताना नाकातोंडावर फडके बांधणे आवश्यक आहे, कारण मातीतली बारीक वाळू श्वासाबरोबर फुप्फुसात जाणे घातक असते.

रात्रभर भिजवलेले सोयाबीन वाटून, फडक्यातून गाळून काढलेले पातळ दूध त्याच दिवशी वापरावे लागते. कापड त्यात बुडवून, न पिळता सावलीत वाळवतात, आणि पुन्हा एकदा दुधाचा पातळ हात देतात. त्यानंतर निवळलेला गेरू थोड्या दुधात कालवून रुंद कुंचल्याने ताणलेल्या कापडावर आधी उभा, मग आडवा लावतात. एकाच जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर केव्हाही बरे. वाळल्यावर ते लगेच धुण्याचा मोह टाळावा लागतो. प्रथिन मुरण्यास काही आठवडे लागतात, आणि पहिली धुलाई त्यानंतर साध्या पाण्यात, न चोळता करतात. छाप उठवायचा असेल तर रंग घट्ट हवा, आणि त्यासाठी धावड्याचा डिंक उपयोगी पडतो. सातपुड्याच्या जंगलांतला हा डिंक कापडछपाईत पूर्वीपासून वापरात आहे.

मातीच्या रंगाचा खरा दोष येथे सांगितला पाहिजे. तो उन्हाला हार जात नाही, पण घासणीला जातो. कोपर, मांडी, शिवणीची कड अशा घर्षणाच्या जागी तो आधी फिका पडतो, त्यामुळे गळ्यातले उपरणे, पडदा, पताका, झोळी यांना तो जेवढा शोभतो तेवढा रोजच्या पायजम्याला शोभत नाही. पळसाचे अगदी उलट आहे. फाल्गुनात याच रानांत फुलणाऱ्या आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमार या दगडफेकीच्या परंपरेच्या वेळी, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात रोवल्या जाणाऱ्या या झाडाच्या फुलांचा पिवळा-केशरी रंग घासून जात नाही, पण उन्हात लवकर उडतो. ऊन आणि धुलाई दोन्ही सोसणारा लाल रंग जुन्या मध्य भारतात आलाच्या मुळांपासून मिळे, आणि त्यासाठी ही झुडपे शेतात लावून तीन-चार वर्षांनी खणीत. व्यापाऱ्यांच्या वह्यांची खारव्याची लाल वेष्टणे आणि विधवांना सक्तीने नेसवले जाणारे आलवण हे याच रंगाचे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी अलिझरीन हा मंजिष्ठाचा लाल घटक प्रयोगशाळेत बनवला, तो स्वस्तात आयात होऊ लागला आणि आलाची शेती मोडली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतांच्या जातिवर्णनात मराठी मुलखातील रंगारी आणि भावसार या कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या समाजांची नोंद आहे. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे दुसरे धंदे धरावे लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जपलेले ज्ञान एवढ्या थोड्या काळात निरुपयोगी ठरावे ही हानी पैशात मोजता येणारी नाही.

लोहाची आणखी एक करामत मात्र अजून अनेक छपाईकारांकडे शाबूत आहे. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवत ठेवले की लोह त्यात विरघळते. हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवलेल्या फिक्या पिवळसर कापडावर हे पाणी लावताच, हिरड्यातील टॅनिन नावाचा तुरट घटक लोहाशी जुळून ती जागा करडी आणि मग काळी होते. धार जिल्ह्यातील बाग येथील छपाईत काळा रंग लोह आणि हिरडा यांच्या अशाच संयोगातून येतो. गेरूत जो धातू लाल असतो तोच येथे काळा होतो आणि येथे तो धाग्याच्या आत बसतो, म्हणून हा रंग पूड होऊन निघत नाही. त्यालाही मर्यादा आहे; लोह प्रमाणाबाहेर गेले तर वर्षांनंतर काळ्या जागीच कापड कुजून फाटते. निसर्गातून आलेले ते सारे निरुपद्रवी, अशी समजूत या क्षेत्रात फार पसरली आहे, आणि ती कापडाचे तसेच पाण्याचेही नुकसान करते. तुरटीचे उरलेले पाणी विहिरीच्या कडेला ओतणे कोणत्याही अर्थाने निसर्गस्नेही नाही.

विदर्भात नैसर्गिक रंगांच्या खादीचे काम वर्ध्याच्या मगन संग्रहालयाने चिकाटीने चालवले आहे. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ मध्ये महात्मा गांधींनी केले, आणि सेंद्रिय कापूस, हातमाग व वनस्पतिरंग यांची सांगड आज तेथे घातली जाते. तेथील भर रंजकांवर आहे. मातीच्या रंगासाठी तसे ठिकाण सौंसर–बोरगावच्या पट्ट्यात व्हावे, अशी परिस्थिती अनुकूल आहे, कारण मागावरचे कापड, सोयाबीन, धावडा आणि हिरडा हे सारे हाताशी आहे, गेरू मध्य प्रदेशातच सतना जिल्ह्यात निघतो आणि बाजारात सहज मिळतो, आणि नागपूरहून येणाऱ्याला वाट दोन तासांच्या आतली आहे. भांडवल थोडे लागते. शिकवणारा माणूस आणि सावलीची एक पडवी यांवर आरंभ होऊ शकतो. हंगाम मात्र पाळावा लागेल. सोयाबीन घरात येते तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, काम सुरू केले तर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत कापड उत्तम वाळते आणि मुरते. चैत्रानंतर वाटलेले दूध काही तासांतच आंबू लागते, म्हणून ते पहाटेच काढून सकाळीच संपवावे लागते, आणि पावसाळ्यात थर सुकत नसल्यामुळे कापडाला बुरशी धरते, तेव्हा ते महिने गेरू निवळून साठवण्यासाठी राखून ठेवणे बरे.