माउसविना हिशेब

मार्चअखेर जवळ आली की पेढीवरचा संगणक रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. हजार-बाराशे ओळींची खतावणी, आणि हात सतत कळफलकावरून माउसकडे व पुन्हा माघारी. वेळ जातो तो या येरझाऱ्यांत. आकडेमोड तर यंत्रच करते.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ ॲपल-२ वर आले, तेव्हा सारे काम कळांवरच चाले. तिरकी रेघ दाबली की आज्ञा समोर येत. १९८३ च्या ‘लोटस १-२-३’नेही तीच कळ ठेवली. विंडोजवरील एक्सेलमध्ये आजही ती दाबून पाहावी. वरच्या पट्टीवर अक्षरे उमटतात.

कंट्रोलसह अर्धविराम दाबला की आजची तारीख पडते. सूत्र लिहिताना एफ-४ दाबल्यास डॉलरची खूण लागून संदर्भ स्थिर होतो. ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबले की स्तंभाची बेरीज तयार! मात्र येथेच जुन्या मुनीमजींची सावधगिरी हवी. मध्ये एखादे घर रिकामे राहिले असेल, तर बेरीज त्याच्या खालूनच सुरू होते. वरच्या रकमा निमूटपणे गळतात. यंत्र तक्रार करीत नाही, आणि ताळा मात्र जुळत नाही.

म्हणून बेरजेपूर्वी स्तंभाच्या पहिल्या रकमेवर जाऊन कंट्रोलसह खालचा बाण दाबावा. शेवटच्या रकमेआधीच थांबला, तर रिकामे घर तेथेच, पुढच्या ओळीत आहे.